गाडीत कुणी कुठं बसायचं

माहूरला, शेगावला किंवा लग्नाचं वऱ्हाड घेऊन हिंगोलीच्या एखाद्या गल्लीतून क्रूझर निघते, तेव्हा तिच्यातल्या जागा कशा वाटल्या जातात ते बघावं. ड्रायव्हरशेजारी जावई, नाहीतर घरातला वडीलधारा पुरुष. मधल्या बाकावर सासूबाई, आत्याबाई आणि पाहुणे. मागच्या दोन आडव्या बाकांवर सुना, पोरी आणि लेकरं. त्यांच्या पायांत पिशव्या, फराळाचे डबे आणि पाण्याचा जार. गाडी कनेरगाव नाका ओलांडते न ओलांडते तोच मागून आवाज येतो, "थांबवा हो, लेकराला उलटी होऊलाली." गाडी थांबते. लेकराच्या तोंडावर पाणी मारलं जातं, हातात लिंबाची फोड दिली जाते आणि त्याला परत त्याच आडव्या बाकावर बसवलं जातं. पुढच्या सीटवरचा माणूस जागचा हलत नाही.

गाडी लागण्यावर जगभरात जे काम झालं आहे त्याचा मोठा भाग तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो: माणूस कुठं बसला आहे, त्याला बाहेरचं काय दिसतं आहे आणि गाडी कशी चालवली जाते आहे. गोळी, आलं, लिंबू यांचा नंबर त्यानंतरचा. आपल्या घरांत हा क्रम उलटा आहे. जागा मानाप्रमाणं ठरते आणि बाकीचं सगळं लिंबावर सोपवलं जातं. मला वाटतं, लेकरांच्या आणि बायकांच्या वाट्याला येणारा हा त्रास निम्म्याहून जास्त आपण स्वतः गाडीत चढतानाच ठरवून टाकतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. कानाच्या पडद्याच्याही पलीकडं, हाडात दडलेलं एक इंद्रिय आहे, आणि त्याचा ऐकण्याशी संबंध नाही. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली, गाडी वळली की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळणाची खबर जाते. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत चुन्याच्या क्षाराचे सूक्ष्म खडे असतात. गाडीनं वेग घेतला, ब्रेक लागला किंवा ती एका बाजूला कलली की हे खडे सरकतात. माणूस चालतो, धावतो तेव्हा कानाची ही खबर, डोळ्यांना दिसणारं दृश्य आणि पायांच्या स्नायूंचा अंदाज या तिन्ही गोष्टी जुळतात. गाडीच्या मागच्या बाकावर त्या जुळत नाहीत. कान सांगतो की आपण वळतो आहोत, थांबतो आहोत, पुन्हा पळतो आहोत. डोळ्यांसमोर मात्र समोर बसलेल्या काकूंचा पदर आणि गाडीचा पत्रा असतो, आणि दोन्ही स्थिर दिसतात. हा विसंवाद चालूच राहिला की मेंदू पोटाला वेठीस धरतो. आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढराफटक पडणं, गार घाम, उमासे आणि शेवटी उलटी.

कानातल्या त्या खड्यांची एक अडचण आहे. डोकं मागं झुकलं आहे की गाडीनं वेग घेतला आहे, यातला फरक त्यांना एकट्यानं ओळखता येत नाही. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण एकसारखंच भासतं, हे आइनस्टाइननं ज्या तत्त्वात मांडलं तेच इथं कानाला भोवतं. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. इथली जमीन फार कमी थरथरते, हे तिची जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींपैकी एक होतं. त्या शांत जमिनीवरून औंढ्याला दर्शनाला निघालेलं लेकरू गाडीत मात्र हेलकावे खात असतं.

विसंवादाची ही मांडणी जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ च्या पुस्तकात पक्की केली आणि आजही बहुतेक जण तीच मानतात. पण विसंवाद झाला म्हणून उलटीच का व्हावी, डोकं का दुखू नये? मिशेल ट्रीसमन यांनी १९७७ मध्ये यावर एक कल्पना मांडली. विषारी पाला किंवा फळ पोटात गेलं की डोळे आणि तोल यांचा मेळ सुटतो. तसा मेळ सुटलेला दिसला की मेंदू विषबाधा समजून पोट रिकामं करतो. कल्पना आकर्षक आहे, सिद्ध करायला अवघड आहे. १९९१ मध्ये रिचिओ आणि स्टॉफ्रेगन यांनी वेगळंच म्हणणं मांडलं: त्रास विसंवादाचा नसून शरीराला आपला तोल सांभाळता न येण्याचा आहे. या वादात कुणीही जिंको, रस्त्यावर तिन्ही मतं एकच सांगतात. डोक्याला आधार द्या, नजरेला क्षितिज द्या आणि हेलकावे कमी करा.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती घराघरांत सांगण्यासारखी आहे. गाडी लागणं हा आजार नाही, नखरा तर अजिबात नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्येच नोंदवलं होतं की ज्या कर्णबधिर माणसांचा आतला कानही निकामी असतो त्यांना बहुधा चक्कर येत नाही आणि बोटही लागत नाही. म्हणजे उलटी होणाऱ्या पोराचा कान धडधाकट आहे. चार्ल्स डार्विनला बीगल जहाजावरच्या पाच वर्षांत बोट लागण्यानं छळलं. ब्रिटिश आरमाराचा नेल्सनही त्यातून सुटला नाही. १९६१ मध्ये अवकाशात गेलेला सोव्हिएत वैमानिक गेरमान तितोव्ह हा तिथं मळमळ झालेला पहिला माणूस. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा वजनरहित अवस्था सोसायला योगासनांचा उपयोग होतो का, हे त्यांच्यावर मुद्दाम पाहिलं गेलं. अशा माणसांची ही गत असेल, तर सेनगावच्या सात वर्षांच्या पोरीला "हिचं दरवेळचंच हाय" असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा त्रास होत नाही. साधारण सहा ते बारा हा सगळ्यात त्रासाचा काळ. पुढं पौगंडावस्थेत तो उतरत जातो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणी अधिक. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना जास्त. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता मोठी असते. २०१५ मध्ये सुमारे ८० हजार माणसांच्या जनुकांची पाहणी झाली, तेव्हा या त्रासाशी जोडलेल्या ३५ जागा सापडल्या. त्यांतल्या कित्येक डोळा, कान आणि तोल यांच्या घडणीशी संबंधित होत्या. या ओळी वाचून पुन्हा त्या क्रूझरकडं पाहा. ज्यांना सर्वांत जास्त त्रास होणार हे जवळपास ठरलेलं आहे, नेमकी तीच माणसं आपण सर्वांत वाईट जागी बसवलेली आहेत.

ती जागा वाईट का, याचं कारण एक नाही. मागचा भाग चाकांच्याही मागं लोंबता असतो, म्हणून प्रत्येक वळणाला आणि गतिरोधकाला तो जास्त फेकला जातो. आडवं बसल्यामुळं ब्रेकचा आणि वेगाचा धक्का छाती-पाठीऐवजी बाजूनं बसतो, आणि कंबर-मान त्याला आवरू शकत नाही. समोरचा रस्ता दिसतच नाही. शेजारच्या काचेतून पळती बाभळीची झाडं दिसतात, आणि ती बघणं तर त्रास वाढवणारंच. मागच्या दाराच्या फटीतून धूळ आणि डिझेलचा वास आत येतो, तो वेगळा.

कोणता हेलकावा सगळ्यात वाईट, हेही आता माहीत आहे. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा येणारा संथ हेलकावा माणसाला सर्वाधिक त्रास देतो. त्याहून पुष्कळ जलद थरथर हाडं खिळखिळी करील, पण तिनं उलटी क्वचितच होते. बैलगाडी कुणाला लागली असं ऐकू येत नाही ते यामुळंच: तिचे हिसके छोटे आणि जलद, वेग नावालाच, आणि चहूबाजूंनी शिवार उघडं. मोटारसायकलवरही बसणारा वळणाबरोबर स्वतः कलतो आणि रस्ता त्याच्या नजरेसमोर असतो. म्हणून खड्ड्यांना फार दोष देऊ नये. दोष जातो तो उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेल्या गाडीला, जिचा ड्रायव्हर दर काही सेकंदांनी पाय दाबतो, बाजूनं डोकावतो, परत ब्रेक मारतो. कळमनुरीहून वारंगा फाट्याकडं जाणारा रस्ता असो की बसमत-नांदेडचा, कारखान्यांच्या हंगामात हे दृश्य रोजचंच.

अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड महामार्ग चौपदरी झाल्यानं असे हेलकावे बरेच घटले. समृद्धी महामार्ग तर जून २०२५ पासून नागपूरहून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण उघडला, आणि वाशीम जिल्ह्यातून किंवा मेहकरकडून तो आपल्यालाही जवळ पडतो. तरीही तक्रार संपली नाही, कारण रस्ता सरळ झाला त्याच काळात मुलांच्या हातात मोबाईल आला. मान खाली, नजर एका वितीवरच्या पडद्यावर, त्यावर पळणारी चित्रं, आणि शरीर ताशी १०० च्या वेगानं चाललेलं. शांत बसावं म्हणून ज्या लेकराच्या हाती मोबाईल दिला, तेच तासाभरात ओकायला लागतं. पुस्तक वाचण्याचंही तेच. गाडीत मुलांना गुंतवायचं तर गाणी, गोष्टी, अंताक्षरी, पुढून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या ओळखणं असले कान आणि नजर वर ठेवणारे खेळ हवेत.

दिसण्याला किती महत्त्व आहे याचा सगळ्यात ठोस पुरावा इंग्लंडमधला आहे. टर्नर आणि ग्रिफिन यांनी तिथल्या बसगाड्यांतल्या तीन हजारांहून अधिक प्रवाशांना प्रश्नावली देऊन माहिती गोळा केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे २८ टक्के प्रवाशांना काही ना काही अस्वस्थता जाणवली, जवळपास १३ टक्क्यांना मळमळ झाली, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास लोकांना उलटी झाली. ज्यांना पुढचा रस्ता अजिबात दिसत नव्हता त्यांना त्रास होण्याची शक्यता, रस्ता नीट दिसणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती. तिथले रस्ते गुळगुळीत असतात हे लक्षात घेतलं, तर वाशीमच्या पुढं मेडशी-पातूरच्या घाटात काय होत असेल हे सांगायला नको. गाडी चालवणाऱ्याला ती लागत नाही ती याच कारणानं. पुढचं वळण त्याला आधी दिसतं, आणि ते तो स्वतःच घेत असतो.

मग क्रूझरमध्ये काय करावं? ड्रायव्हरशेजारची जागा ज्या मोठ्या माणसाला त्रास होतो त्याला द्यावी, मग ती घरातली सगळ्यात धाकटी सून का असेना. लेकरं मधल्या, पुढं तोंड केलेल्या बाकावर. ज्यांना कधीच काही होत नाही असे धट्टेकट्टे पुरुष मागच्या आडव्या बाकांवर. त्यात जावईही आले. हे बोलायला अवघड आहे, मला माहीत आहे. पण शेगावपर्यंतची पावणेदोनशे किलोमीटरची वाट चार वेळा थांबून, ओले कपडे आणि रडकी लेकरं घेऊन काटण्यापेक्षा निघताना एकदा अवघड वाटलेलं बरं. खाजगी मोटारीत मुलांना पुढच्या सीटवर बसवावं असं मात्र मी म्हणणार नाही. एअरबॅग फुटली तर बारा वर्षांखालच्या मुलाला ती जीवघेणी ठरू शकते. मूल मागंच, पट्टा लावून, जमलं तर मधोमध. उंच बैठक दिली की दोन सीटांच्या मधून त्याला रस्ता दिसतो. अशा बैठकीचा खर्च फार नसतो, आणि ती पट्टाही नीट बसवते.

बायकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हा भाग कुठल्याच अभ्यासात नीट आलेला नाही. ज्यांना गाडी लागते अशा आपल्याकडच्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. अर्धी भीती उलटीची, अर्धी वाटेत कुठं शौचालय सापडणार नाही याची. परिणाम असा की मे महिन्यात चाळीस-बेचाळीस अंशांत त्या कोरड्या पडतात, डोकं चढतं, आणि उपाशी पोटी जे उमासे येतात ते आणखी पिळून काढतात. काही जणी मग माहेरपणाला जाणंच कमी करतात. नांदेडला तपासणीला जायचं पुढं ढकलतात. "मला गाडी लागती, तुम्हीच जाऊन या" हे वाक्य आपण सगळ्यांनी आई-मावशीकडून ऐकलेलं आहे, आणि त्यामागं किती जागा पाहायच्या राहून गेल्या असतील याचा विचार केलेला नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास. घराबाहेर पडण्याचं एक दार त्यानं मोठं झालं. त्या दारातून खरंच बाहेर पडता यायचं तर पुढच्या रांगेतली खिडकी आणि दर दीड-दोन तासांनी स्वच्छ थांबा, या दोन गोष्टी भाड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

खाण्याबद्दल सल्ले खूप, पुरावा थोडा. तुडुंब पोट वाईट, रिकामं पोटही वाईट, एवढं धरून चालावं. निघण्याआधी तास-दीड तास अर्धी दशमी, मऊ खिचडी, केळं, नाहीतर मूठभर ज्वारीच्या लाह्या. ठेच्यासोबतचे तेलकट धपाटे मुक्कामी पोचल्यावर. पाणी घोट घोट पीत राहावं. वासाचा परिणाम मोठा असतो: गाडीत लटकवलेला सेंटचा डबा, गुटखा, भजी, डिझेल, सगळं एकत्र झालं की ठणठणीत माणसालाही मळमळतं. सुगंधाची ती डबी निघतानाच काढून ठेवावी.

प्रवास चालू असताना कामी येणारी आणखी दोन साधनं फुकटची आहेत. डोकं मागं टेकवून डोळे मिटणं हे पहिलं. डोळेच मिटले की विसंवादातला एक साक्षीदार गप्प होतो. झोप लागली तर उत्तमच. दुसरं म्हणजे संथ, मोजून घेतलेला श्वास. इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत श्वासावर लक्ष ठेवणाऱ्यांना त्रास उशिरा सुरू झाला. औषधाइतका गुण आला नाही, पण आला. पोराला शिकवायला ही चांगली गोष्ट आहे.

आता घरगुती उपाय. आल्यावर बरंच काम झालं आहे. १९८२ मध्ये फिरत्या खुर्चीवरच्या एका प्रयोगात सुंठेची पूड औषधालाही भारी ठरली आणि जगभर बातमी झाली. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या आरमारातल्या ८० शिकाऊ खलाशांवर, खवळलेल्या समुद्रात, एक ग्रॅम सुंठ देऊन पाहिली. उलट्या आणि गार घाम कमी झाले. नंतर १९९१ मध्ये एका अमेरिकी चाचणीत आल्याचा काहीच उपयोग दिसला नाही. म्हणजे आलेपाकाची वडी पिशवीत असावी, तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नये. लिंबू, चिंच, आवळासुपारी यांच्या बाजूनं असं काम झालेलं नाही. तोंडाची चव बदलते, नको तो वास झाकला जातो, जीव रमतो, एवढं खरं. पोटाला वर्तमानपत्र बांधणं किंवा पेपरवर बसणं यानं काही बदलावं असं शरीरात काही नाही. तरी ज्या बाईला त्यानं बरं वाटतं तिचा पेपर काढून घेऊ नये. अपेक्षेचा परिणाम फार खोलवर असतो. इस्रायलच्या आरमारात डोव्ह ईडन आणि याकोव्ह झुक यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की ज्या शिकाऊ सैनिकांना "तुम्हाला बोट लागणार नाही, लागली तरी कामाच्या आड येणार नाही" असं आधी पटवून दिलं, त्यांना खरोखरच कमी त्रास झाला आणि त्यांचं कामही चांगलं झालं. मग दर दहा मिनिटांनी "मळमळतंय का रे?" असं विचारणाऱ्या मायेचा लेकरावर काय परिणाम होत असेल!

औषधांकडं वळताना पहिली गोष्ट: मेडिकलमध्ये जाऊन नुसती "उलटीची गोळी द्या" म्हणू नये. जुलाब-उलट्यांत दिली जाणारी ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी गोळी पोटाच्या बिघाडावर गुणकारी आहे; गाडी लागण्यावर ती फारशी चालत नाही, कारण हा उपद्रव कानातून निघतो. त्यावर चालतात त्या प्रोमेथाझीन, सिनारिझीन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझीन या गोळ्या. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली ॲव्होमिन ही प्रोमेथाझीनच. हे कूळ गाडी लागण्यावर चालतं, हे मजेशीर रीतीनं कळलं. १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठतं म्हणून एक गरोदर बाई लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर या डॉक्टरांकडं आली. तिला दिलेलं नवं औषध घेतलं की ट्राम लागायची थांबते, असं तिच्याच लक्षात आलं. डॉक्टरांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. त्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या एका लष्करी जहाजावर हजाराहून जास्त सैनिकांना सोबत घेऊन त्यांनी ते तपासलं, आणि डायमेनहायड्रिनेट जगाला मिळालं.

गुण किती, हे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानं मोजलं. ज्यांना हमखास त्रास होतो अशा १०० मोठ्या माणसांत नुसती साखरेची गोळी घेतलेले सुमारे २५ जण निर्धोक राहिले, औषध घेतलेले सुमारे ४०. फरक खरा आहे, चमत्कार नाही. झोपाळूपणा मात्र औषधवाल्यांत स्पष्ट जास्त होता. या चाचण्यांत सोळा वर्षांखालची मुलं नव्हती, म्हणून मुलांचं प्रमाण वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझीन अजिबात देऊ नये. त्यानं श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. गाडी चालवणाऱ्यानं तर मुळीच नाही. गोळी निघण्याच्या किमान तासभर आधी पोटात हवी. उमासे सुरू झाल्यावर पोटाची हालचाल मंदावते आणि गोळी तिथंच पडून राहते, नाहीतर बाहेर येते.

या औषधांहून जुनं आणि जोरकस औषध म्हणजे स्कोपोलामिन. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडं निघालेल्या ब्रिटिश सैनिकांना बोट लागू नये म्हणून तेच दिलं होतं. ते ज्या वनस्पतींत असतं त्यांत धोतराही आहे, आपल्या बांधाबांधावर उगवणारा, महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाला वाहिला जाणारा. औषधात त्याचा कण मोजून घेतलेला असतो. झाडाच्या बी-पानांत किती असेल याचा नेम नाही. धोतरा देवापुरताच ठेवावा. बी पोटात गेलं तर भ्रम होतो, ताप चढतो, माणूस दगावतोही.

प्रत्येक मळमळ गाडीमुळंच असते असं धरणं कधी कधी महागात पडतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला, विशेषतः मधुमेह असेल तर, गाडीत अचानक गार घाम, मळमळ, छातीत किंवा जबड्यात जडपणा आला, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. लिंबू देत बसू नये, जवळचं रुग्णालय गाठावं. गाडीतल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, गुंगी आली, तर सायलेन्सरचा धूर आत येतो आहे का पाहावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. काचा उघडून सगळ्यांना आधी खाली उतरवावं. गाडी थांबून तास उलटला तरी गरगरणं चालूच राहिलं, किंवा लेकराला सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखीसह उलट्या होत असतील, तर ते गाडीचं काम नाही. आणि उलटी आली म्हणून एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढू देऊ नये. समोरून येणाऱ्या ट्रकचा आरसा किंवा कडेचा खांब एका क्षणात घात करतो. तोंड बांधता येईल अशी जाड पिशवी हाताशी असली की ही वेळच येत नाही.

लांबच्या पल्ल्याला रेल्वेचा विचार जरूर करावा. तिचे डबे वळणांना हळू कलतात, उभं राहता येतं, फिरता येतं. मुंबई-जालना जनशताब्दी मार्च २०२४ पासून हिंगोलीपर्यंत वाढवली आहे. मुंबईला जाताना रात्रभर ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर हेलकावे खाणाऱ्यांना ही मोठी सोय झाली. ट्रॅव्हल्सनंच जायचं तर खालचा, मधल्या भागातला बर्थ मागावा. उंचावर झोका जास्त बसतो.

शेवटचा उपाय हळू काम करतो, पण तोच सगळ्यात टिकाऊ आहे: सवय. खलाशी आणि वैमानिक याच वाटेनं सुटतात. वर्षातून एकदा एकदम तीन घाटांची कोकण सहल काढण्यापेक्षा मुलांना अधूनमधून जवळ न्यावं. हिंगोलीहून औंढा पंचवीसेक किलोमीटर, नर्सी नामदेव त्याहूनही जवळ. रस्ता दिसेल अशा जागेवर, बरं वाटत असताना, उलटी व्हायच्या आत संपणारे असे प्रवास होत गेले की मेंदू जुळवून घेतो. सहा महिने खंड पडला तर सवय मोडते, हेही ध्यानात ठेवावं.

दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली निघतात. एसटी त्यासाठी भाड्यात ५० टक्के सवलत देते, आणि बहुतेक मुलांचा पहिला लांबचा प्रवास तोच असतो. तिथंही मागची लांब सीट आधी दंगेखोर आणि नंतर उलटी करणाऱ्या मुलांनी भरते. गुरुजींनी नावांच्या यादीत "गाडी लागते का?" असा एक रकाना घालावा, "हो" म्हणणाऱ्यांना पहिल्या चार रांगा द्याव्यात, चालकाला घाटाआधी थांबायला सांगावं आणि परतीच्या प्रवासातही तीच बैठक ठेवावी. सहलीआधीच्या पालकसभेत पैशांबरोबर हाही विषय आयांनी काढावा.